अंगठ्याला पटेल ती मॅट

२ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. व्यायामवालीचा हुकूम आहे. आजी, रोज काय व्यायाम केला ते लिहून ठेवा म्हणाली. म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही. तर म्हणे, तोंडाने सांगा, कुणीतरी लिहील. मी बघायला मागणार नाही, तुमच्या स्वतःसाठीच आहे.

घरात लिहिण्यासारखी एकच, सून. मुलाचं अक्षर डॉक्टरचं, डोकं मात्र कंपाउंडरचंही नाही. सुनेशी करार केला. मी सांगेन ते लिहायचं, शब्द बदलायचा नाही, आणि लिहिलेलं वाचायचं नाही. ती म्हणाली, आई, न वाचता लिहू कसं? म्हटलं, न चाखता स्वयंपाक करतेस ना, तसंच.

पेन थांबलं नाही. गुणाची आहे.

आता मुद्दा. मी पडले नव्हते. हे आधी लिही. जानेवारीत माझ्या घरी, ओट्यासमोर, मी खाली बसले होते आणि उठायचा विचार चालू होता. विचार जरा लांबला. दुपारी इस्त्रीवाला आला, त्याने खिडकीतून बघितलं आणि गल्लीभर बोंब ठोकली. तेवढ्यावरून मुलाने मला उचललं आणि इथे, सुनेच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. माझ्या दोन खोल्यांना कुलूप. किल्ली मुलाच्या खिशात.

काल मुलगा, व्यायामवाली आणि मी, बैठक झाली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी माझी परीक्षा. जमिनीवर बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. स्टुलाचा आधार चालेल. उठले तर किल्ली माझी, घर माझं, मी तिथे. नाही उठले तर खोल्या भाड्याने जाणार आणि मी कायमची इथे.

म्हटलं, एप्रिल कशाला? हे बघा. आणि बसले. उठलेही. म्हणजे उठल्यातच जमा. एक पाय रोवला, स्टूल धरलं, बूड चांगलं वर आलं, आणि गुडघ्याला फरशी टोचली म्हणून मीच सोडून दिलं. व्यायामवालीने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आजी, रोज एवढंच करत राहिलात तर महिन्याभरात उठाल. फक्त गुडघ्याखाली काहीतरी घ्या. एखादी मॅट.

मॅट! अगं मग हे आधी नाही का सांगायचं? जन्म गाद्यांत गेला माझा. आमचे हे कापूस पिंजायचे. मी खोळी शिवायची, दाभणाने टाके घालायची. नुसता अंगठा दाबून सांगायची, कापूस नवा आहे की जुना, आत सरकी राहिलीय की साफ आहे. माझ्या हातून गेलेल्या मालात सरकीचा एक दाणा दाखवा म्हणावं कुणीही. मला मॅट निवडायला असा कितीसा वेळ लागणार?

व्यायाम : मॅट आली की लगेच.

३ मार्च

सुनेने स्वतःची मॅट पुढे केली. सकाळी ती या खोलीत हातपाय वर करायची. मी आल्यापासून पॅसेजमध्ये करते. निळी मॅट. अंगठा दाबला तर थेट फरशी लागली. म्हटलं, ही मॅट नाही, फरशीची साल आहे.

सून म्हणाली, पातळच हवी आई, पाय स्थिर राहतो. म्हटलं, तुझ्या अंगावर मांस असतं तर तुला मऊपणाची किंमत कळली असती. आत्ता हे लिहिताना ओठ आवळलेत तिने. तेही पातळच.

व्यायाम : नाही. साधन नाही.

९ मार्च

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे खांद्यांवर थेट डोकं ठेवलेला माणूस, मधली मान द्यायला देव विसरला. विचारतो, कशासाठी हवी आजी, योगा की स्ट्रेचिंग? म्हटलं, उठण्यासाठी. किती एमएम? म्हटलं, अंगठाभर.

होत्या तेवढ्या सगळ्या गुंडाळ्या सोडायला लावल्या. प्रत्येकीवर अंगठा. काळ्या रबराची एक होती तिच्यावर सून भाळली. घसरत नाही, टणक आहे, हीच घेऊ. मी वास घेतला. पंक्चरचं दुकान. म्हटलं, हिच्यावर आडवी झाले तर येणारा-जाणारा हवा चेक करून जाईल. दुकानदाराला हसू आलं नाही. म्हणतो, आडवं कुठे व्हायचंय आजी, उठायचंय ना? उद्धट मेला. मान नाही तर मान देणार कुठून.

सुनेने तीच घेतली. मी घरी आल्या आल्या गॅलरीत उन्हात टाकली. वास गेला की सुरू.

व्यायाम : दुकानात बराच वेळ उभी होते. तो धर.

१५ मार्च

व्यायामवाली आली. मॅट कुठाय? म्हटलं, उन्हात आहे. म्हणाली, तोवर चादरीची घडी घ्या आणि फरशीवर करा. म्हटलं, बाई गं, गादीवाली म्हणतात मला. चादरीच्या घडीवर गुडघे टेकले हे कुणाला कळलं तर? ती म्हणाली, कुणाला कळणार आहे? म्हटलं, मला कळेल.

मग खुर्चीतून उठबस करायला लावली. ती काय, येतेच. मध्ये धाप लागली ती बोलण्यामुळे. तीच फार प्रश्न विचारते.

तिच्याकडून बातमी कळली. माझ्या शेजारच्या खारूताईलाही तीच व्यायाम शिकवते. खारूताई म्हणजे माझ्या भिंतीपलीकडची. खरं नाव काहीतरी आहे, पण दात पुढे, अंग चिमूटभर आणि दिवसभर तुरुतुरु, मग दुसरं काय म्हणायचं? माझ्याच वयाची. जन्मभर गादीवाल्याच्या शेजारी राहून सतरंजीवर झोपली. एकदा एक उशी तेवढी शिवून नेली, नवरा आजारी पडला तेव्हा. काय उशी शिवली होती मी! राजाच्या डोक्याखाली शोभावी अशी. तिच्या नवऱ्याच्या डोक्याखाली गेली. गेला तो त्याच उशीवर.

तर ही बया जुन्या ब्लँकेटची घडी घालून त्यावर व्यायाम करते म्हणे. ऐकून पोट धरून हसले. पोटालाही व्यायाम हवाच.

व्यायाम : पोटाचा.

२१ मार्च

रबराचा वास गेला. अंगठा दाबला. खाली फरशी लागते ती लागतेच. नापास. व्यायामवालीच्या हाती खारूताईला पाठवून दिली. म्हटलं, सांग तिला, गादीवाल्या वहिनींनी दान केलीय. ब्लँकेटला तेवढीच सुट्टी.

सून म्हणाली, आई, ती चांगली होती. म्हटलं, चांगली होती म्हणूनच दिली. वाईट वस्तू दान करत नाहीत.

मुलाने फोनवरून दुसरी मागवलीय. फोमची. जाड.

व्यायाम : मनाची तयारी.

२६ मार्च

फोमची आली. गुलाबी. बरी आहे. अंगठा अर्धा बुडतो.

म्हटलं, आधी मुलाने बसून दाखवावं. ज्याने परीक्षा ठेवली त्याला तरी जमतं का बघू. बसला. पोट मांडीवर विसावलं. उठताना एक हात भिंतीला, एक कपाटाला, आणि तोंडातून असा आवाज निघाला की सून आतून धावत आली. म्हटलं, वा! नापास. द्या याच्या खोल्या भाड्याने.

तो चिडला. म्हणाला, आई, तुला सगळी चेष्टा वाटते. त्या दिवशी मी दार तोडून आत आलो तेव्हा तू ओळखलं नव्हतंस मला. पाणी पाणी करत होतीस. पुन्हा पडलीस आणि कुणी आलंच नाही तर? बोलता बोलता डोळे पुसत होता. एसीमुळे चुरचुरतात त्याचे.

मी पडले नव्हते, हे पुन्हा लिही.

तो गेल्यावर मॅटवर उभी राहून बघितलं. टाइल्सवर ती सुळकन सरकली आणि मी पलंगावर. नशीब पलंग मागेच होता. फोम नापास.

व्यायाम : पलंगावर बसले, एकटीने उठले. हे मोठ्या अक्षरात लिही.

३ एप्रिल

कॉर्कची मॅट. बाटलीच्या बुचाची. आता लोक बुचावर व्यायाम करतात. सून म्हणाली, ही घसरत नाही. अंगठा दाबला. अंगठाच दुखला.

सून म्हणाली, आई, तुम्ही अंगठ्याने का बघता? गुडघ्याने बघा ना एकदा. म्हटलं, तू शिकवणार का आता मला? माझा अंगठा तुझ्या कॉलेजापेक्षा जुना आहे.

व्यायाम : नाही. अंगठ्याला आराम.

९ एप्रिल

खारूताई आली होती. चालत. इकडून तिकडून नाही, आपल्या गल्लीतून इथपर्यंत. दात आधी आले, मागून ती.

बोलता बोलता तिच्या चष्म्याची केस कॉटखाली गेली. सून उठायच्या आत ही खाली बसली, वाकली, केस काढली आणि उठली. हात कशालाच लावला नाही. उठली आणि पुढचं वाक्य सुरू. मी म्हटलं, अगं हळू, या वयात हाडांचा भुगा होतो. ती म्हणाली, वहिनी, तुमच्या मॅटने जादू केली. तुम्ही पण करा ना. मी येत जाईन रोज सकाळी, दोघी मिळून करू. तुमचं घर बंद बघून मला जेवण जात नाही. भिंतीपलीकडून तुमचा खोकला ऐकायची सवय झालीय.

जादू म्हणे. मी टाकून दिलेल्या मॅटवर.

मला राहवलं नाही. म्हटलं, तुझं बरोबर आहे बाई. तुला उठावंच लागणार. ना नवरा, ना मूल. पडलीस तर उचलायला आहे कोण? मला तशी घाई नाही. माझ्याकडे माणसं आहेत.

सुनेचं पेन इथे थांबलंय. लिही. करार आहे.

खारूताई चिडली नाही. केस पुसली, पर्समध्ये ठेवली. म्हणाली, खरंय वहिनी. म्हणूनच करते. चहा अर्धा ठेवून गेली. चहात साखर कमी होती, हे सुनेने लक्षात घ्यावं.

व्यायाम : नाही. पाहुणे.

१४ एप्रिल

निर्णय. बाजारात एकही मॅट धड नाही. मशीनवर केलेला माल, त्याला काय कळतं माणसाचं अंग. मीच करणार.

खाली कॉर्क, वर फोम, त्याच्यावर माझ्या जुन्या गादीतला कापूस, सगळ्यावर जाड खोळ, आणि दाभणाने टाके. मुलगा माझ्या घरी जाऊन ट्रंकेतून दाभण आणि दोरा घेऊन आला. दाभण हातात घेतलं आणि बघ, बोटं थरथरायची थांबली. सुनेनेही बघितलं. तिला साक्ष म्हणून लिहून घे.

व्यायाम : बोटांचा, खांद्याचा, डोळ्यांचा.

१७ एप्रिल

सून आज बोलली. एरवी बोलत नाही, भांडी आपटते. म्हणाली, आई, परीक्षा तोंडावर आलीय. टाके नंतर घाला. आधी खाली बसून उठायची सवय करा. मी धरते.

म्हटलं, तुला मी जायला हवीय, म्हणून एवढा पुळका.

तर म्हणते, हो. मला माझी खोली परत हवीय. तुम्हाला तुमचं घर हवंय. दोघींना एकच गोष्ट हवीय आई, मग करा ना!

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ खरं बोलली. म्हणूनच मी विश्वास ठेवला नाही. यात काहीतरी डाव असणार. मी घाईत पडावं, हात मोडावा, दाभण सुटावं.

व्यायाम : टाके.

२२ एप्रिल

तयार!

अशी वस्तू या घरात आजवर आली नव्हती. काठ ताठ, टाके एका रेषेत, मध्ये फुगीर. अंगठा दाबला. बुडाला. आणखी दाबला. आणखी बुडाला. तळ लागला नाही. शेवटी अंगठ्याला पटेल अशी एक मॅट झाली, आणि ती कुणी केली? पहिली इयत्ताही न बघितलेल्या बाईने.

व्यायामवालीला बोलावून दाखवली. तिने दोन्ही हातांनी दाबली. म्हणाली, आजी, सुंदर आहे. पण ही गादी आहे. म्हटलं, थँक्यू. ती म्हणाली, नाही आजी, यावर पाय रोवता येणार नाही. म्हटलं, तुझं वय काय? माझ्या दुकानातली सर्वांत जुनी कात्री तुझ्यापेक्षा मोठी.

सून म्हणाली, निदान एकदा बसून बघा. बसले नाही. नवी गादी आधी वापरून चेपायची नसते. गिऱ्हाईक बसेपर्यंत आम्ही कधी बोटसुद्धा टेकवलं नाही. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बसणार. ताजी.

व्यायाम : राखून ठेवला.

२९ एप्रिल

बॅग भरली. औषधं, चष्मा, दोन साड्या. बाकी सगळं घरी आहेच. सुनेला सांगितलं, उद्या दुपारी पलंग बाहेर काढ आणि नाच हवं तेवढं या खोलीत. खारूताईला फोन लावायला लावला. सांगितलं, उद्या येतेय, पायरी पुसून ठेव, माझ्या खिडकीवरची कोळ्यांची जाळी काढ. ती म्हणाली, कधीचीच काढलीयत वहिनी. आगाऊ. पण काढली ते बरं केलं.

घरी गेल्यावर पहिलं काम, कुलपात तेल. ते अडतं. किल्ली फिरवताना कुलूप थोडं वर उचलावं लागतं. ते मला आणि आमच्या ह्यांनाच ठाऊक होतं. आता मलाच.

व्यायाम : बॅग उचलून बघितली.

३० एप्रिल, सकाळ

अंघोळ झाली. गुडघे हलके वाटतात. सुनेला म्हटलं, जाताना हे दाभण तुला ठेवून जाते, आठवण म्हणून. ती म्हणाली, आई, एकदा फरशीवर प्रॅक्टिस करता का, अजून वेळ आहे. म्हटलं, कीव येते तुझी.

व्यायाम : संध्याकाळी लिहू. एकदमच.

३० एप्रिल, संध्याकाळ

लिही.

हॉलमध्ये मॅट. मॅटवर स्टूल, हाताशी. समोर सोफ्यावर मुलगा. व्यायामवाली उभी.

बसले. बसले म्हणजे गेले. खाली गेले ते जातच राहिले. चांगली गादी अशीच घेते माणसाला.

पाय रोवला. टाच आत गेली. स्टूल धरलं. स्टुलाचे पाय आत गेले, ते माझ्यासारखंच कलंडलं. पुन्हा. पुन्हा. मी हसले. म्हटलं, काय माल आहे बघा, सोडतच नाही.

कुणी हसलं नाही.

व्यायामवाली म्हणाली, आजी, मॅट काढू. फरशीवर करा, उठलात तर मी तेही पास धरीन. मी म्हटलं, मॅटचा दोष नाही. ती म्हणाली, नाही ना, मग फरशीवर करा.

मॅट काढली. फरशीवर बसवलं. पाय रोवला. स्टूल धरलं. बूड हललं नाही. मार्चमध्ये इतकं वर आलेलं ते, आज जागचं हललं नाही. गुडघ्यात काहीच नव्हतं. टोचलंसुद्धा नाही.

व्यायामवाली मुलाकडे बघत होती. मुलगा खाली. त्याच्या हातात किल्ली होती. आधीच काढून ठेवली होती, मला द्यायला. ती त्याने परत खिशात टाकली आणि मला काखेत धरून उचललं. दुसरीकडून सुनेने. सून रडत होती. माझ्यासाठी की खोलीसाठी, विचारलं नाही.

व्यायाम : वर लिहिलाय तोच.

५ मे

शांतपणे विचार केल्यावर कळलं. स्टूल. त्या स्टुलाचे पाय बारीक आहेत. रुंद पायांचं असतं तर एव्हाना मी माझ्या ओट्याशी असते. मुलाला म्हटलं, रुंद पायांचं स्टूल आण, पुन्हा परीक्षा घे. तो म्हणाला, बघू आई. त्याचे वडीलही बघू म्हणायचे. त्यांनी काय बघितलं ते मला माहीत आहे.

खारूताईचा फोन आला होता. मी झोपलेय म्हणून सांगायला लावलं. सुनेने सांगितलं. मग खारूताईने विचारलं म्हणे, कुणी उचललं का त्यांना नीट? दुखलं तर नाही ना?

टोमणा असेल असं आधी वाटलं. आवाज तसा नव्हता म्हणते सून.

व्यायाम : नाही.

१८ मे

खोल्या गेल्या. व्यायामवालीनेच घेतल्या. गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी तिथे व्यायामाचा क्लास काढणार आहे. मीच सुचवलं असं लिही. नाही, सुचवलं नाही. पण विचारलं असतं तर सुचवलंच असतं.

माझी मॅटही मुलाने तिला देऊन टाकली. म्हणाला, इथे जागा अडते.

सुनेने पॅसेजमधली जागा थोडी वाढवून घेतलीय. चपलांचा स्टँड हलवला. एवढंच. माझ्याकडे बघून बोलत नाही, पण चहात साखर बरोबर पडते आता.

व्यायाम : नाही.

७ जून

आज मला क्लासला नेलं. व्यायामवालीचा आग्रह. सून घेऊन गेली.

दारात उभं राहून व्यायामवाली किल्ली फिरवत होती. कुलूप अडलं. तिने दोनदा झटका दिला. मी मागून म्हटलं, वर उचल आणि फिरव. उघडलं.

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला माझी मॅट टेकवून ठेवली आहे. चांगली जड आहे. दार अजिबात हलत नाही.

आत माझ्या फरशीवर रांगेने पातळ मॅट. सगळ्या सालीच. पहिल्या रांगेत काळी रबराची, तिच्यावर खारूताई. सगळे खाली बसले, उठले, बसले, उठले. माझ्याच घरात. मला खुर्ची दिली, ओट्यासमोर. जानेवारीत मी बसले होते तिथेच. मी विचारलं, माझी मॅट? व्यायामवाली म्हणाली, खुर्चीला मॅट लागत नाही आजी.

खुर्ची पाठीला लागत होती. तोंडातून काही निघालं असेल. खारूताई उठली, शेजारी तिच्या घरी गेली, उशी घेऊन आली आणि माझ्या पाठीमागे सरकवली. मी हात मागे नेला. अंगठ्याची सवय.

दाबली. टोचली. पुन्हा दाबली. आत सरकी. एक दाणा नाही, मूठभर.

म्हटलं, अगं, कुठून आणलीस ही भिकार उशी? कुणी शिवली?

खारूताई म्हणाली, असं काय करता वहिनी, तुमचीच ती. ह्यांच्या आजारपणात नव्हती का शिवून दिली?

मी उशी उलटवून टाके बघितले. टाके माझेच. एका रेषेत.

म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती हसली, तिचे दात दिसले. म्हणाली, हे म्हणायचे हो. रोज म्हणायचे, टोचतंय, काढ ही उशी. मीच त्यांना गप्प करायची. म्हणायची, गादीवाल्या वहिनींच्या हातची आहे, टोचेल कशी? तुमचं अंगच दुखतंय, उशीला कशाला नावं ठेवता? शेवटपर्यंत काढली नाही मी.

मग व्यायामवालीने टाळी वाजवली आणि खारूताई मॅटवर जाऊन बसली.

येताना सून गाडीत म्हणाली, आई, उशीचं लिहू नको का? म्हटलं, करार काय आहे आपला? लिही.

आता विचारते, व्यायामासमोर काय लिहू?

व्यायाम : बसले.